वादीच्या पदरचा दोष

दिवाणी दावा लावायला आलेला माणूस पहिल्या भेटीत सगळं सांगत नाही. समोरच्याने काय केलं ते तो तपशिलाने सांगतो. तारखा पाठ असतात, साक्षीदारांची नावं तोंडावर असतात. आपण काय केलं ते मात्र दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, पिशवीतले कागद एकेक करून टेबलावर आले की उलगडत जातं. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत दिवाणी कामं करताना मला पूर्ण निर्दोष वादी क्वचितच भेटला आहे. कोणी जमिनीच्या व्यवहारात निम्मे पैसे बिनपावतीचे दिलेले असतात, कोणी जप्ती टाळायला शेत पाहुण्याच्या नावावर केलेलं असतं, कोणी विनापरवाना गाडी चालवत असतो आणि नेमकी तेव्हाच मागून ट्रकची धडक बसते. या सगळ्यांवर अन्याय झालेला असतो आणि तो खरा असतो. स्वतःच्या पदरी दोष असताना त्यांना न्यायालयाकडून काही मागता येतं का, किती मागता येतं, हा माझ्या रोजच्या कामातला सर्वांत जड प्रश्न आहे.

पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत दिलेलं असतं. अनैतिक कृत्यातून दाव्याचा हक्क उपजत नाही. आणि दोघेही सारखेच दोषी असतील तर ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडेच राहतं. हे मांडणारा सर्वांत प्रसिद्ध निकाल इंग्लंडचा, १७७५ सालचा, लॉर्ड मॅन्सफिल्ड यांचा. होल्मन विरुद्ध जॉन्सन. डंकर्कमध्ये एकाने दुसऱ्याला चहा विकला. घेणारा तो चोरवाटेने इंग्लंडात नेणार, हे विकणाऱ्याला ठाऊक होतं. पैसे बुडाले तेव्हा विकणारा न्यायालयात आला. मॅन्सफिल्ड यांनी तेव्हा जे सांगितलं त्याचा आशय असा, की ‘हा करारच बेकायदा होता’ हा बचाव प्रतिवादीच्या तोंडी मुळीच शोभत नाही, आणि तो मान्य होतो तोही प्रतिवादीच्या भल्यासाठी नव्हे. न्यायालय असल्या दाव्याला हात देत नाही, एवढ्याचसाठी. हा भाग सगळे उद्धृत करतात. त्या वादीला पैसे मिळाले, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. विक्री डंकर्कलाच पूर्ण झाली होती, पुढची चोरटी वाहतूक घेणाऱ्याची होती, विकणाऱ्याचा तिच्यात हात नव्हता. म्हणजे तत्त्व सांगितलं गेलं ज्या दाव्यात, त्याच दाव्यात त्याची मर्यादाही आखली गेली. वादीला काही माहीत होतं किंवा त्याचं काही चुकलं होतं, एवढ्याने दावा पडत नाही. त्याची मागणी त्या चुकीच्या पायावर उभी आहे का, हे बघावं लागतं. माझ्या सगळ्या कामाचा भर या एका फरकावर राहिला आहे.

एक जमिनीचं प्रकरण सांगते. नावगाव सांगणार नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एक शेतकरी मित्राच्या कर्जाला जामीन राहिला होता. मित्राने हप्ते थकवले, पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला आणि वसुली अधिकारी जामीनदाराच्या दारात आला. भावकीत कोणीतरी सल्ला दिला की जमीन तात्पुरती मेहुण्याच्या नावावर कर. रीतसर खरेदीखत झालं, दुय्यम निबंधकासमोर सह्या-अंगठे झाले. दस्तात नेहमीचं वाक्य होतंच, की मोबदल्याची रक्कम रोख भरून पावलो, काही तक्रार नाही. पैसा एकही हातात आला नव्हता. फेरफार पडला, सातबाऱ्यावर मेहुण्याचं नाव लागलं. जमीन मात्र हाच कसत होता. काही वर्षांनी जमिनीचे भाव चढले, आणि मेहुण्याने खरेदीखताच्या जोरावर ताब्याचा दावा ठोकला.

या दाव्यात मी प्रतिवादीकडून होते. पेच असा, की मेहुण्याचा कागद पाडायचा तर माझ्या अशिलाला उभं राहून सांगावं लागणार, ‘मी पतसंस्थेला फसवण्यासाठी खोटा दस्त केला.’ आपणच केलेली लबाडी आपल्या बचावासाठी सांगता येते का? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली इम्मानी अप्पाराव प्रकरणात दिलं. निकाल न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा. जन्माने ते आमच्या साताऱ्याचे. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी संगनमताने दिखाऊ दस्त झाला आणि त्याच दस्तावर एकजण दुसऱ्याकडून मालमत्ता मागतो आहे, अशा वेळी काय करायचं? प्रतिवादीला लबाडी सांगू दिली तर तो आपल्या लबाडीचा फायदा उठवतो. सांगू दिली नाही तर न्यायालय स्वतःच्या हाताने वादीच्या लबाडीची अंमलबजावणी करतं. गजेंद्रगडकरांनी विचारलं, की यातला कुठला मार्ग सार्वजनिक हिताला कमी घातक? आणि उत्तर दिलं, की लबाडी उघड होऊ द्या, आणि दोघेही सारखेच सामील ठरले तर न्यायालयाने हुकूमनामा देऊन कोणालाच मदत करू नये. मालमत्ता आहे तिथे राहील. हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. दोघांपैकी चांगला कोण, हे ठरवण्याच्या भरीला तो पडत नाही. न्यायालयाच्या शिक्क्याने काय घडेल, एवढंच तो बघतो.

खरेदीखत लेखी असताना तोंडी पुराव्याने ते दिखाऊ ठरवता येतं का, अशी हरकत वादीच्या वकिलांनी घेतलीच. त्यावर १९८१ सालचा गंगाबाई विरुद्ध छबुबाई हा निकाल होता. दस्तातल्या अटी बदलण्यासाठी तोंडी पुरावा चालत नाही. पण दस्तात लिहिलेला व्यवहार मुळात झालाच नव्हता, तो नुसता देखावा होता, हे दाखवायला चालतो.

साक्षीला अशिलाची बायको उभी राहिली. वादी तिचा सख्खा भाऊ. उलटतपासणीत तिला विचारलं गेलं, की तुमच्या नवऱ्याने रजिस्ट्रारसमोर सही केली ती खोटी का? ती म्हणाली, “सही खरी हाय. विक्री खोटी हाय.” मग खोटी विक्री कशासाठी केली? न्यायाधीशांनीही मान वर केली. ती भावाकडे न बघता म्हणाली, “पतपेढीची जप्ती चुकवायला. मलाबी ठावं होतं.” त्या एका उत्तराने प्रकरणाचा तोल फिरला, असं मला तेव्हाही वाटलं आणि निकालपत्र वाचतानाही वाटलं. पीकपाहणीच्या रकान्यात सलग अशिलाचं नाव होतं, सोसायटीचं पीककर्ज त्यानेच उचललेलं होतं, मोबदला दिल्याचा कसलाच माग मेहुण्याकडे नव्हता. दावा फेटाळला गेला.

खरं बोलण्याची किंमतही त्या कुटुंबाला मोजावी लागली, आणि ती मोजणं मला रास्त वाटतं. विक्री दिखाऊ असल्याचा निष्कर्ष न्यायालयाच्या निकालात आला, तेव्हा पतसंस्थेला त्या जमिनीवर हात टाकायला वाट मोकळी झाली. घेणेकऱ्याला चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर घेणेकऱ्याच्या इच्छेने रद्द होऊ शकतं, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ मध्येच आहे. त्या कुटुंबाने हप्ते बांधून घेतले आणि मित्राचं कर्ज फेडलं. त्यांची जमीन त्यांना राहिली आणि पतसंस्थेचे पैसे पतसंस्थेला मिळाले. फसवणुकीने बिघडलेलं सगळं इतकं जागेवर येणं माझ्या अनुभवात विरळा.

याच गोष्टीचं पारडं उलटं असेल तर? शेतकऱ्याने ताबाही मेहुण्याला दिला, पतसंस्था त्या दस्ताला भुलून रिकाम्या हाताने परत गेली, आणि मग हा शेतकरी वादी होऊन जमीन परत मागायला आला तर? असे लोक येतात. त्यांच्यासाठी भारतीय न्यास अधिनियम, १८८२ चं कलम ८४ उघडून बसावं लागतं. बेकायदा हेतूसाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, पण तो हेतू तडीस गेलाच नाही. किंवा देणारा घेणाऱ्याइतका दोषी नाही. किंवा घेणाऱ्याकडे मालमत्ता राहू दिल्याने कायद्याचा उद्देशच हाणून पडेल, अशा तीन परिस्थितींत घेणाऱ्याने ती देणाऱ्याच्या हितासाठी सांभाळायची असते. म्हणून मी असल्या पक्षकाराला पहिला प्रश्न विचारते, ‘तो दस्त तुम्ही कधी कोणाला दाखवलात?’ घेणेकऱ्याला दाखवायच्या आतच मन बदललं आणि देणं फेडून टाकलं, तर वाट आहे. दस्त दाखवून घेणेकऱ्याला परतवलं असेल, तर काम होऊन गेलं. मग मी वकीलपत्र घेत नाही. बेनामी खरेदीची गोष्ट वेगळी. पैसे आपले आणि खरेदी दुसऱ्याच्या नावे, अशा व्यवहारात खऱ्या मालकाला दावाच लावता येत नाही, असं १९८८ च्या बेनामी कायद्याच्या कलम ४ ने ठरवून टाकलं आहे. तिथे कोण किती दोषी याची तुलना करायला न्यायाधीशाला जागाच उरत नाही.

‘वादी स्वच्छ हाताने न्यायालयात आलेला नाही’ हे वाक्य मी वाचलेल्या बहुतेक कैफियतींत असतं. टायपिस्टच्या संगणकात ते परिच्छेदासकट तयार असतं, नावं तेवढी बदलायची. त्याने या तत्त्वाचं नुकसान झालं आहे. बांधाच्या वादात, वादी बायकोला नांदवत नाही, हे लिहिलेलं मी पाहिलं आहे. भाडेकरूच्या मनाई हुकुमाच्या अर्जाला, तो महावितरणचं बिल थकवतो, असं उत्तर आलेलं पाहिलं आहे. वादीचा दोष हा दाव्याच्या विषयाशी जोडलेला असला पाहिजे. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये, वादीची वागणूक न्यायालयाची मदत मागण्यास त्याला अपात्र करणारी असेल तर मनाई हुकूम देऊ नये, असं म्हटलं आहे. ती वागणूक त्या वादातली. माणसाच्या अख्ख्या आयुष्याची झडती घ्यायला दिवाणी न्यायालय बसलेलं नाही. उलट त्याच अधिनियमाचं कलम ६ बघा. ज्याला कायद्याची वाट सोडून जमिनीवरून हुसकून काढलं, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर मालकी कोणाची हे न बघता ताबा परत मिळतो. मालकी हक्क नसलेल्या माणसालासुद्धा. कारण खऱ्या मालकाने गुंड आणून घर रिकामं करवून घेणं हा त्याहून मोठा धोका आहे.

वादीचा जो दोष दावा हमखास बुडवतो, तो जुन्या व्यवहारातला नसतो; दाव्यातच केलेला असतो. चेंगलवराय नायडू प्रकरण घ्या. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते निकाली काढलं. जगन्नाथ नावाचा वादी चुनीलाल सावकाराकडे कामाला होता. सावकाराच्या वतीने त्याने न्यायालयीन लिलावात मालमत्ता घेतली आणि १९४५ साली सावकाराच्या नावे सोडपत्र करून दिलं. नंतर मात्र आपणच मालक म्हणून वाटपाचा दावा लावला आणि ते सोडपत्र न्यायालयापुढे ठेवलंच नाही. प्राथमिक हुकूमनामाही मिळवला. सर्वोच्च न्यायालयाने तो फसवणुकीने मिळवलेला, म्हणून निरर्थक ठरवला. महत्त्वाचा कागद दडवणं म्हणजे न्यायालयाचीच फसवणूक. हा निकाल मी नव्या पक्षकाराला गोष्टीसारखा सांगते. दाव्यात स्वतःहून सांगितलेला दोष न्यायाधीश तोलून बघतात. समोरच्याने उलटतपासणीत तोच ओढून काढला, तर तो तोलायला कोणी थांबत नाही. वादीचं उरलेलं खरंही त्याच्यासोबत बुडतं.

वकिलालाही यातून सुटका नाही. १७२५ साली लंडनमध्ये एव्हरेट नावाच्या माणसाने विल्यम्स नावाच्या भागीदाराकडून हिशेब मागणारा दावा लावला. धंदा काय, तर हाउन्स्लो हीथसारख्या माळरानांवर प्रवाशांना लुटणं. अर्जात ते सरळ लिहिलेलं नव्हतं. उंची मालाची देवघेव अशा थाटाच्या भाषेत गुंडाळलेलं होतं. न्यायालयाने दावा तर फेकून दिलाच, तो तयार करणाऱ्या सॉलिसिटरांना प्रत्येकी ५० पौंड दंड केला. पुढे वादी आणि प्रतिवादी दोघेही आपापल्या गुन्ह्यांसाठी फासावर गेले. कायद्याच्या वर्गात ही गोष्ट ऐकून मुलं हसतात. मला तिच्यातला गुंडाळलेला अर्ज आठवत राहतो, कारण तसा अर्ज लिहून मागणारी माणसं माझ्या खुर्चीसमोर बसलेली असतात.

अपघाताच्या दाव्यांत हा सगळा विचार अधिक माणुसकीचा झाला आहे, असं मी म्हणेन. इंग्लंडमध्ये एकेकाळी जखमी माणसाची स्वतःची थोडी जरी हयगय दिसली तरी त्याला एक पैसा मिळत नसे. १८०९ सालच्या बटरफिल्ड प्रकरणापासून चाललेला तो कडक नियम १९४५ च्या कायद्याने मोडला आणि दोषाच्या प्रमाणात भरपाई कापायची पद्धत आली. आपल्याकडे देशभर लागू असा वेगळा कायदा नाही, पण मोटार अपघात न्यायाधिकरणं तेच तत्त्व वापरतात. तरी विमा कंपनीच्या वकिलांचे प्रश्न ठरलेले. लायसन्स होतं का? हेल्मेट होतं का? गाडीवर किती जण होते?

एका मोटारसायकलवर तिघं होते, मागून टेम्पोने उडवलं, सर्वांत मागे बसलेला मुलगा गेला. त्याच्या आईच्या वतीने मी अर्ज केला होता. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे मागे एकच माणूस बसवता येतो. म्हणजे नियमभंग झालाच होता, आणि मी तो अर्जातच लिहिला. घटनास्थळाचा पंचनामा मी आईला ओळ न् ओळ वाचून दाखवला, कारण साक्षीत तिला तो विचारला जाणार होता. मोटारसायकल रस्त्याच्या डाव्या कडेला, मातीच्या पट्टीजवळ पडलेली. मागचा मडगार्ड चेपलेला, पुढचं चाक शाबूत. टेम्पोच्या ब्रेकच्या खुणा धडकेच्या जागेच्या पुढे सुरू झालेल्या, म्हणजे ब्रेक लागला तो धडक दिल्यावर. तिसरा माणूस गाडीवर नसता तर हा अपघात टळला असता का? या कागदात त्याला होकार देणारं काहीच नव्हतं. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दिक प्रकरणात नेमकं हेच सांगितलं होतं. तिघं बसले म्हणून उच्च न्यायालयाने दहा टक्के कापले होते; सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. नियम मोडणं वेगळं आणि त्या मोडण्यामुळे अपघात होणं किंवा इजा वाढणं वेगळं. दोन्हींमधला दुवा पुराव्याने दाखवावा लागतो. त्या आईची भरपाई कापली गेली नाही. हेल्मेट नसताना डोक्यालाच मार लागला असेल तर मात्र मी पक्षकाराला आधीच सांगते, की इथे कपात होऊ शकते. मांडी मोडली असेल तर हेल्मेटचा प्रश्न मी भांडून खोडून काढते.

रोखीच्या दाव्यांचं पारडं गेल्या काही वर्षांत बरंच हललं आहे. विनापरवाना सावकाराला न्यायालयाने हुकूमनामा द्यायचा नाही, हे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १३ मध्ये आहेच. त्यात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या एका शैक्षणिक संस्थेच्या प्रकरणात नवी भर घातली. वादी म्हणत होता, की मी जागेच्या व्यवहारात ७५ लाख रुपये रोख आगाऊ दिले. न्यायालयाने सांगितलं, की ज्या दाव्यात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख दिल्याचं म्हटलेलं असेल, त्याची माहिती दिवाणी न्यायालयाने आयकर खात्याला कळवावी. वास्तविक आयकर अधिनियमातल्या, २०१७ पासून लागू झालेल्या कलम २६९ एसटीचा भंग करतो तो रोख घेणारा, आणि दंडही त्यालाच. पण देणाऱ्याला पैसा कुठून आणला ते सांगावं लागतं. साठेखतावर एक रक्कम आणि चिठ्ठीवर दुसरी, अशा व्यवहारातला वादी आता चिठ्ठी दाखवायची की नाही याचा दहादा विचार करतो. कागदावर जेवढे पैसे आहेत तेवढेच मागून तो बाकीच्या पैशांवर पाणी सोडतो. मला यात वावगं वाटत नाही. खरेदी-विक्रीत मुद्रांक शुल्क वाचवायला दोघांनी मिळून ठरवलेला तो मार्ग असतो, आणि फायदाही दोघांनी खाल्लेला असतो.

नोकरीच्या पैशांचं प्रकरण तसं नाही. तिथे मला स्वस्थ बसवत नाही.

एका अनुदानित शाळेत मुलाला शिक्षक म्हणून लावून देतो, असं सांगून एका मध्यस्थाने बापाकडून पैसे घेतले. मुलगा बी.एड. झालेला, शिक्षक भरतीची वाट बघत वय वाढत चाललेलं. बापाने विहिरीजवळचं रान विकून पैसे उभे केले. ऑर्डर आली नाही. मध्यस्थ आधी पुढच्या महिन्याचे वायदे करत राहिला, मग फोन उचलायचा बंद झाला. बाप माझ्याकडे आला तेव्हा कोणीतरी त्याला पढवून पाठवलं होतं, “ताई, हातउसने दिले असंच लिहायचं.” मी मोबाइल मागून घेतला. मध्यस्थाने पैसे मिळाल्याचं कबूल केलेला एकच पुरावा होता, व्हॉट्सॲपवरचा त्याचा निरोप, ‘काका थोडं थांबा, पुढच्या महिन्यात सगळे परत करतो.’ आणि त्याच्या वर, बोटाने सरकवत गेलं की, बापाचे निरोप रांगेने होते. ‘साहेब ऑर्डर कधी निघणार.’ ‘साहेब संस्थेची मीटिंग झाली का.’ ‘साहेब पोरगं घरी बसून आहे.’ कबुली न्यायालयापुढे ठेवायची तर हे निरोपही ठेवावे लागणार. पैशांचा पुरावा आणि दोषाचा पुरावा एकाच धाग्यात ओवलेला होता. हातउसने लिहिण्याचा मार्ग मी त्यांना तिथेच बंद करून सांगितला.

मग ते म्हणाले, “माझं चुकलं, मान्य. म्हणून त्यानं माझं रान गिळून बसायचं का?”

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ खाली एक उदाहरण दिलेलं आहे: अ हा ब ला सरकारी नोकरी मिळवून देण्याचं वचन देतो आणि ब त्याला हजार रुपये द्यायचं कबूल करतो, हा करार शून्य. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना हे उदाहरण सुचलं, कारण तेव्हाही हे चालू असणार. शाळा खासगी संस्थेची असली तरी पगार सरकारी तिजोरीतून जातो. हा करार लोकहिताच्या विरुद्धच धरला जाणार. कलम ६५ प्रमाणे शून्य ठरलेल्या करारातला लाभ परत करायचा असतो, पण करार बेकायदा आहे हे पहिल्यापासून ठाऊक असलेल्याला त्याचा आधार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कुजू कोलिअरीज प्रकरणात स्पष्ट केलं. १९२० च्या दशकात लंडनमध्ये कर्नल पार्किन्सन नावाच्या गृहस्थांनी ‘सर’ ही पदवी मिळवून देण्याच्या आश्वासनावर एका धर्मादाय संस्थेला तीन हजार पौंड दिले होते. पदवी मिळाली नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. त्या निकालाबद्दल माझी तक्रार नाही. मिरवण्यासाठी पैसे देणारा कर्नल आणि रान विकणारा बाप यांना मात्र एका मापाने मोजणं मला पटत नाही.

बापाने शेवटी फसवणुकीची फिर्याद दिली. अटकपूर्व जामिनाच्या वेळी मध्यस्थाने काही रक्कम भरली, आणि नंतर पुढे काही हललं नाही. जामीन हे वसुलीचं साधन नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलेलं आहे आणि ते बरोबरच आहे. पण दिवाणी दार बंद असलं की माणसं फौजदारी दार ठोठावतात. ज्यांना तेही झेपत नाही त्यांचे पैसे मध्यस्थाच्या घरात राहतात, आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या बापाला गाठतो. ‘आहे तिथे राहू द्या’ या नियमाचा हेतू असा, की लोकांनी असले व्यवहार करू नयेत. बापाला त्या नियमाची जरब बसते. मध्यस्थासाठी तर तोच नियम धंद्याचं भांडवल आहे. पैसे परत मागायला कोणी येऊच शकणार नाही, हे त्याला पहिल्या दिवशीच माहीत असतं.

२०१६ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ न्यायाधीशांच्या पीठासमोर पटेल विरुद्ध मिर्झा हे प्रकरण ऐकलं. पटेलने मिर्झाला ६,२०,००० पौंड दिले होते. आतली बातमी मिळवून एका बँकेच्या शेअरच्या भावावर पैसे लावायचे, असा बेत होता. तो गुन्हाच होता. बातमी आलीच नाही, पैसे लावले गेले नाहीत आणि मिर्झाने ते परतही केले नाहीत. पैसे परत करायला लावल्याने गुन्ह्याला हातभार लागत नाही, उलट दोघेही होते त्या जागी परत जातात, असं म्हणून न्यायालयाने पटेलला ते मिळवून दिले. जो कायदा मोडला त्याचा उद्देश काय, दावा नाकारल्याने तो साधतो का, आणि नाकारणं हे दोषाच्या मानाने जास्त तर होत नाही ना, हे बघा, असं बहुमताने सांगितलं.

आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण वाचून दाखवता येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ च्या सीताराम विरुद्ध राधाबाई निकालात ‘दोघे सारखेच दोषी’ या नियमाला अपवाद सांगितलेच आहेत: बेकायदा हेतू अजून तडीस गेलेला नसला तर, आणि वादी प्रतिवादीइतका दोषी नसला तर. ज्याच्या हातात नोकरी कधी नव्हतीच आणि ज्याने पहिल्या दिवसापासून बुडवायच्या इराद्याने पैसे घेतले, त्याच्या बरोबरीने रान विकणाऱ्या बापाला दोषी धरायचं का? नोकरी लागलीच नाही, म्हणजे हेतू तडीस गेला कुठे? असे दोन मुद्दे काढून दावा लावावा, लाच द्यायला निघालो होतो हे दाव्याच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावं, व्याज आणि नुकसानभरपाई न मागता फक्त दिलेली रक्कम मागावी, आणि ती बापाच्या हाती द्यायची की त्यातून काही सरकारजमा करायची हे न्यायालयावर सोडावं, असं मी त्या काकांना सांगितलं आहे. लाच देऊ करणं हाही २०१८ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ही कबुली त्यांच्या अंगावर येऊ शकते, हेही सांगितलं आहे. मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षांची धरायची की मध्यस्थाच्या लेखी कबुलीपासून, यावर मी टिपण काढते आहे. कबुलीची तारीख धरली तर अजून काही महिने हातात आहेत. काकांनी घरी मुलाशी बोलून कळवतो म्हटलं आहे.